रामटेके सरांचा तोतया

रामटेके सर आम्हाला पाचव्या सेमिस्टरला डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग शिकवायचे, आणि पहिल्या आठवड्यापासून माझा त्यांच्यावर संशय होता. हे आधीच लिहून टाकते. पुढे त्यांच्याबद्दल चार बरे शब्द येतील, तेव्हा कोणी म्हणायला नको की सोनालीने गुरुजींची आरती ओवाळली. एक तर आमच्या घरात आरती नसते. आणि दुसरं, तो संशय पूर्ण गेलाय असं आजही मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

विषयाला सगळे डीएसपी म्हणायचे, म्हणून सरही डीएसपी साहेब. नाव शोभायचं. मान खाली घालून चष्म्याच्या वरून बघायचे, जणू तुमच्या गळ्यातलं ओळखपत्र तुमचं नाहीच. अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट, खिशाला हिरव्या शाईचं पेन, आणि खांद्याला काळी बॅग. ती बॅग ते कुणाच्या हातात देत नसत. मूळचे भंडाऱ्याकडचे. मुलुंडला राहून तीस वर्षं झाली तरी "करून राहिला" आणि "काहून" सुटलं नव्हतं. त्यांच्या टेबलाच्या काचेखाली बाबासाहेबांचा फोटो होता, तोच आमच्या घरात भिंतीवर आहे. मला वाटलं, आपला माणूस. पहिल्याच दिवशी लेक्चरनंतर जाऊन जय भीम केलं. त्यांनीही जय भीम केलं आणि लगेच विचारलं, जर्नल कुठे आहे.

मी तेव्हा विद्यार्थी संघटनेत होते. आठवड्याला एक पत्रक निघायचं आणि त्यातली बहुतेक मी लिहायचे. अशा मुलीला हा माणूस आवडणं शक्यच नव्हतं. ते कशालाच हो म्हणायचे नाहीत. तुम्ही काहीही सांगा, परीक्षेचा पेपर कठीण गेला सांगा, बाहेर ऊन आहे सांगा, त्यांचा एकच प्रश्न: "मोजलं कसं?"

शिकवणं मात्र असं, की शेवटच्या बाकावरचे फोन खाली ठेवायचे. सिग्नल म्हणजे सतत बदलत राहणारी कुठलीही गोष्ट. आवाज, थरथर, छातीचे ठोके. कॉम्प्युटरला सतत बघत राहता येत नाही. तो ठरावीक वेळाने डोळा उघडतो, एक आकडा टिपतो आणि डोळा मिटतो. मिटलेल्या डोळ्यापलीकडे काय होऊन गेलं हे त्याला माहीतच नसतं. सर म्हणायचे, हा सगळा विषय त्या मिटलेल्या डोळ्याचा आहे. उघडलेल्याचं कौतुक कोणीही करेल.

मग उदाहरण द्यायचे. एक पाव्हणा दर रविवारी दुपारी रामटेक्यांच्या घरी येतो. वर्षभर येतो, एकही खाडा नाही. वर्षानंतर तो गावभर सांगतो, रामटेक्याकडे रोज मटण असते. "खोटं बोलून राहिला का तो? नाही. त्यानं जेवढ्या वेळा पाहिलं तेवढ्या वेळा मटणच होतं. सोमवार ते शनिवारची डाळ त्याच्या नोंदीतच नाही."

वर्ग हसला. मीही हसले. पण ते हसले नाहीत, फळ्याकडे वळले आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: तोतया. पुस्तकात याला एलियासिंग म्हणतात. जलद हलणारी गोष्ट फार सावकाश टिपली, की नोंदीत ती संथ दिसते. स्वतःचं नाव टाकून दुसऱ्याच्या नावाने येऊन बसते. सर म्हणाले, लक्षात ठेवा, तोतया म्हणजे भूत नाही. तो खराच माणूस आहे, नाव तेवढं दुसऱ्याचं. आणि एकदा नोंदीत शिरला की पुढे कुठल्याच गणिताने तो ओळखू येत नाही. त्याला दारातच अडवा लागते.

हजेरीसुद्धा ते अशीच घ्यायचे. बाकीचे सर तासाच्या शेवटी नावं पुकारायचे, म्हणून अर्धा वर्ग शेवटच्या दहा मिनिटांत उगवायचा आणि कागदोपत्री शंभर टक्के हजर असायचा. सर तासात केव्हाही, कधी तिसऱ्या मिनिटाला तर कधी एकेचाळिसाव्या, खडू ठेवून शांतपणे वर्ग मोजायचे. मी याला पाळत म्हटलं. पत्रकातही तसंच छापलं: वर्गखोलीत पाळत चालणार नाही.

कँटीनच्या पत्रकाचा किस्सा तर मी त्यांना कितीतरी महिने माफ केला नव्हता. आम्ही लिहिलं होतं की कँटीनच्या जेवणाने सर्व विद्यार्थी त्रस्त आहेत. दुसऱ्या दिवशी ते पत्रक माझ्या जर्नलमध्ये घडी घालून परत आलं, "सर्व" या शब्दाभोवती हिरवं वर्तुळ. किती जणांना विचारलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं चाळीस. कुठे विचारलं? कँटीनच्या रांगेत. त्यावर ते म्हणाले, जे वैतागून यायचेच बंद झाले ते रांगेत कसे भेटतील? म्हणजे तुझी तक्रार आहे त्याहून कमी झाली ना, बाप्पा. आता सांगा, हा माणूस आमच्या बाजूने बोलत होता की विरुद्ध? मला तेव्हा कळलं नाही. ते ट्रस्टींच्या केबिनमधून वरचेवर बाहेर पडताना दिसत होते, एवढं मला पुरे होतं. मॅनेजमेंटचा माणूस, असं मी मनात नोंदवून टाकलं.

त्यात एक दिवस ते मुलुंड स्टेशनबाहेरच्या हॉटेलात ज्याच्यासमोर चहा पीत बसलेले दिसले, त्याला मी ओळखत होते. तो आमच्या बिल्डिंगवर डोळा ठेवून बसलेल्या बिल्डरचा इंजिनिअर होता.

आता बिल्डिंगचं सांगायला हवं. घाटकोपरला आमची चार मजली जुनी इमारत आहे, सगळे पागडीचे भाडेकरू. मालकाने ती बिल्डरला विकली आणि त्याच बिल्डरने शेजारच्या प्लॉटवर टॉवरचं पायलिंग सुरू केलं. पायलिंग म्हणजे पायासाठी जमिनीत खोल खांब घालणं. तळमजल्याच्या भिंतीला तडे गेले. आमच्या तिसऱ्या मजल्यावर मांडणीतली भांडी किणकिणायला लागली. रात्रंदिवस नाही, पण रोज. म्हातारी माणसं घाबरली. सेक्रेटरी परुळेकर काका प्रत्येक मीटिंगमध्ये म्हणायचे, एक दिवस आपल्याक हंयच पुरतले.

मी ठरवलं, मोजायचं. शेवटी मी डीएसपी शिकलेली मुलगी. फोनमध्ये थरथर मोजायचं ॲप घेतलं, फोन फरशीवर चिकटवला आणि आठवडाभर सकाळी कॉलेजला जायच्या आधी आणि संध्याकाळी परत आल्यावर नोंदी घेतल्या. प्रत्येक आलेखात एकच टोक, ठसठशीत: सेकंदाला अडीच हेलकावे. पायलिंग दहा ते सहा चालायचं, म्हणजे माझ्या नोंदींच्या वेळी ते बंद असायचं. हे मला दिसलं होतं, आणि त्याचा मी मुद्दाच केला. पायलिंग बंद असतानाही इमारत डोलते, याचा अर्थ पाया ढिला झाला. वॉर्ड ऑफिसात मंगळवारी सुनावणी होती. आमची मागणी एकच, पायलिंग थांबवा. कागदाला फक्त एका जाणकाराची सही हवी होती.

म्हणून गुरुवारी मी नाक मुठीत धरून त्यांच्याकडे गेले. त्यांनी आलेख पाहिले, बराच वेळ पाहिले. मग तोच प्रश्न. मी सांगितलं, फोनवर, सेकंदाला पन्नास नोंदी. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला.

"मी सही करत नाही. आणि तूही हा कागद कुठे देऊ नको."

मी सरळ विचारलं, बिल्डर ओळखीचा आहे का तुमच्या.

"आहे. त्याच्या दोन साइटवर मोजणी केली आहे मी." पुढे ते म्हणाले, तुमच्या बिल्डिंगचा पाण्याचा पंप कुठे बसवला आहे? मी उत्तर द्यायला थांबलेच नाही. माणूस तोंडावर कबूल करतो आणि वर पंपाच्या चौकश्या करतो. माझी तर सटकली.

घरी येऊन सगळं सांगितलं. परुळेकर काका म्हणाले, "तुझो मास्तर इकलो गेलो गो." शुक्रवारी आम्ही सहीशिवायच पत्रक छापलं आणि अख्ख्या गल्लीत वाटलं. मथळा माझा: आमची इमारत सेकंदाला अडीच वेळा डोलते. खाली एक ओळ खास सरांसाठी: काही तथाकथित तज्ञ बिल्डरच्या खिशात आहेत. नाव घातलं नाही, पण कॉलेजच्या ग्रुपवर टाकलं, म्हणजे ज्याला कळायचं त्याला कळेल.

रविवारी सकाळी पावणेसातला सर आमच्या गेटवर उभे. खांद्याला तीच बॅग, हातात पत्रक.

परुळेकर काकांनी गेट लावून घेतलं. चार माणसं जमली. बिल्डरचा माणूस सकाळी सकाळी बॅग घेऊन आलाय म्हणजे काहीतरी लावून जाणार, अशीच सगळ्यांची खात्री, आणि ती खात्री मीच तर दिली होती. सरांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, आत नाही येत, बॅगही बाहेरच ठेवतो. सोनालीचा फोन आणा, जिथे ठेवून मोजत होती तिथेच ठेवा, आणि दोन मिनिटं पंप बंद करा.

झालं. आमच्याकडे पाणी सकाळी आणि संध्याकाळी तासतासभर येतं. त्या तासात पंप बंद करा म्हणणं म्हणजे लग्नात ऐन मंगलाष्टकांना भटजीला गप्प बसवणं. काका म्हणाले, पंप बंद नाय होवचो. सर म्हणाले, दोन मिनिटांनी सुरू करा. काका म्हणाले, तुमच्यावर विश्वास कित्याक ठेवूचो?

"काहून ठेवता? माझ्यावर ठेवूच नका. पंप बंद करून पाहा फक्त."

माझी आई पोस्टात काउंटरवर असते. तिला रांगेतली भांडणं तोडायची सवय आहे. ती वरून खाली आली, कुणाशी काही न बोलता पंपाच्या खोलीत गेली आणि खटका खाली केला.

तोवर मी धावत तिसऱ्या मजल्यावर जाऊन फोनवर वाकून बसले होते. अडीचवरचं टोक विझलं. किणकिण थांबली. आईने खटका वर केला, टोक पुन्हा उभं राहिलं. मी खिडकीतून ओरडून सांगितलं, पुन्हा करा. तीनदा केलं. तीनही वेळा तेच.

मग गेट उघडलं. सरांनी बॅगेतून त्यांची पेटी काढली. ती सेकंदाला दोन हजार नोंदी घेते. तिच्या आलेखात अडीचवर काही नव्हतं. टोक होतं साडेसत्तेचाळीसवर, पंपाच्या मोटारीच्या गतीवर. सेकंदाला साडेसत्तेचाळीस वेळा थरथरणारी गोष्ट मी सेकंदाला पन्नासदा डोळा उघडून बघितली होती, म्हणून तिने अडीचचं नाव घेतलं. दोन महिन्यांपूर्वी नवा पंप बसवताना खाली रबर न घालता थेट खांबालगत बोल्ट मारले होते. आणि मी नोंदी घेतल्या सकाळी आणि संध्याकाळी, म्हणजे बरोबर पाण्याच्या वेळेला. रविवारचा पाव्हणा मीच.

सर पायरीवर टेकले. म्हणाले, यातली वाईट गोष्ट वेगळी आहे. चार मजली इमारत हलते तेव्हा तिचा स्वतःचा झोकाही साधारण एवढाच असतो. म्हणजे तोतया अगदी तिच्याच नावाने आला. कुठलाही इंजिनिअर हा आकडा पाहून मान डोलवेल. "इमारत डोलते, पाया ढिला आहे, असं तुम्हीच सही करून दिलं तर ऑफिस काय करेल? पायलिंग थांबवेल, का तुम्हाला खाली करायला सांगेल?"

जे बिल्डरला वर्षभर सिद्ध करता आलं नव्हतं, ते मी एका आठवड्यात सिद्ध करून, छापून, गल्लीत वाटलं होतं. इमारत धोकादायक ठरली की भाडेकरू बाहेर, आणि बाहेर गेलेला पागडीवाला परत कधी येतो हे घाटकोपरमध्ये कोणाला सांगावं लागत नाही.

जाताना त्यांनी माझं पत्रक मला परत दिलं. मी घरात जाऊन उघडलं. मला वाटलं होतं, खिशाच्या ओळीवर काहीतरी लिहिलं असेल. त्या ओळीत एकच दुरुस्ती होती. मी "तज्ञ" लिहिलं होतं. हिरव्या शाईने मध्ये एक "ज्" घातला होता.

सोमवारी सुट्टी टाकून ते पुन्हा आले आणि पायलिंग चालू असताना मोजलं. थरथर निघाली, पण थोडी, आणि फक्त तळमजल्याच्या प्लॉटकडच्या भिंतीत. मी म्हटलं, जरा मोठं करून लिहू या ना सर, खरंच तर आहे. ते म्हणाले, जेवढं आहे तेवढंच. रात्री बसून नवा अर्ज केला. तड्यांवर काचेच्या पट्ट्या चिकटवा, म्हणजे तडा वाढला की काच फुटेल आणि सगळ्यांना दिसेल. पालिकेने स्वतःचा तपासनीस पाठवावा. घर रिकामं करा हा शब्द कुठेही येऊ नये.

मंगळवारी वॉर्ड ऑफिसात बिल्डरचा इंजिनिअर आमच्याआधी हजर. आमचा अर्ज वाचून होईपर्यंत तो शांत बसला, मग फाइलमधून माझं पत्रक काढलं आणि सुनावणी घेणाऱ्या साहेबांना वाचून दाखवलं. छान वाचलं. माझी वाक्यं मला इतकी परिणामकारक कधीच वाटली नव्हती. शेवटी म्हणाला, रहिवासी स्वतःच लिहितात पाया ढिला आहे, आम्हाला तर माणसांच्या जिवाची काळजी आहे.

साहेबांनी विचारलं, हे कोणी लिहिलं?

मी म्हटलं, मी.

मग विचारलं, हे खरं आहे का. मागे आमच्या बिल्डिंगची अकरा माणसं बसली होती, संघटनेचे दोघं होते, आणि मी आयुष्यात छापलेला शब्द कधी मागे घेतला नव्हता. मी सरांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते. मदत करायची त्यांची अजिबात इच्छा दिसली नाही.

"नाही," मी म्हटलं. "मी चुकीचं मोजलं. तो पंप होता."

इंजिनिअर हसला. म्हणाला, आणि आता बरोबर कोणी मोजलं, या प्रोफेसरांनी ना? हे आमचंही काम करतात, विचारा त्यांना.

सर वळले. हो, करतो, म्हणाले. आणि मग त्याच सुरात, जणू फळ्यावर पुढची पायरी लिहितायत, सांगितलं की गेल्या महिन्यात मुलुंडला चहा पाजून यांनी माझ्याकडे याच इमारतीचा कागद मागितला होता, इमारत डोलते असा. मी दिला नाही.

"लेखी काही आहे का?" इंजिनिअरने विचारलं.

"नाही," सर म्हणाले.

त्या खोलीत त्यांच्यावर विश्वास ठेवायला काही म्हणजे काही कारण नव्हतं. साहेबांनीही ठेवला नाही. त्यांनी कोणावरच ठेवला नाही, हे आमचं नशीब. त्यांनी लिहिलं: पालिकेचा माणूस येऊन मोजेल, पंप चालू ठेवून आणि बंद करून, तड्यांवर काचा लावाव्यात, तपासणीपर्यंत त्या भिंतीलगतचं पायलिंग बंद, आणि तोवर एकाही भाडेकरूला हलवायचं नाही. परुळेकर काकांनी ते शेवटचं वाक्य दोनदा वाचून घेतलं, एकदा चष्मा लावून आणि एकदा काढून. मला वेगळ्या कागदावर सही करावी लागली, की पत्रकातला आकडा चुकीचा आहे आणि मी तो मागे घेते आहे. केली.

पेन हातातच घेऊन मी सरांना गाठायला खाली धावले. काय बोलणार होते, माहीत नाही. माफी मागायची सवय आम्हाला संघटनेत कोणी लावली नव्हती. रस्त्यावर आले तर ते पलीकडे रिक्षात बसत होते, आणि त्यांच्या शेजारी आधीच कोण बसलं होतं, तर तो इंजिनिअर. सरांनी बॅग दोघांच्या मध्ये ठेवली. तो काहीतरी सांगत होता. सर मान खाली घालून चष्म्याच्या वरून त्याच्याकडे बघत होते. आधीपासून ठरलं होतं, की तो जबरदस्तीने चढला होता, की दोघं मुलुंडला एकाच बाजूला राहतात म्हणून, मला काही ऐकू आलं नाही. मी रिक्षाचा नंबर तळहातावर लिहून घेतला.

घरी पोचले तेव्हा संध्याकाळचं पाणी आलं होतं. आईने काही न विचारता भरलेली कळशी माझ्या हातात दिली, ती काठोकाठ होती. हातांवर हिंदकळत स्वयंपाकघरात नेऊन ठेवली आणि तळहात बघितला, तर शेवटचे दोन आकडे तेवढे उरले होते.